वाशी कोणती, कांबळे कोणत्या? दलित साहित्यिकांच्या संगणकीय नोंदींची गोष्ट

वाशी (जि. धाराशिव) : इंटरनेटवर ‘वाशी’ हा शब्द टाकून शोध घेतला, की बहुधा प्रथम समोर येते ती नवी मुंबईतील वाशी. तेथील रेल्वे स्थानक, खाडीपूल, घाऊक बाजार, दुकानांची संकुले यांची माहिती पानामागून पान उलगडत जाते. धाराशिव जिल्ह्यातील वाशी हेही तालुक्याचे ठिकाण आहे. फटाक्यांसाठी ओळखले जाणारे तेरखेडा याच तालुक्यात येते. पण या वाशीपर्यंत पोहोचण्यास शोधणाऱ्याकडे चिकाटी हवी. सरकारी कागदपत्रांत या गावाचे इंग्रजी नाव ‘डब्ल्यू’ या अक्षराने लिहिण्याची पद्धत आहे. तसे लिहून पाहिले तर जपानी हातकागदाची चित्रे दिसू लागतात, कारण जपानी भाषेत त्या कागदाचे नावही ‘वाशी’च आहे. एखादे अक्षर अधिक पडले, तर शोध थेट विदर्भातील वाशीमला जाऊन पोहोचतो.

टपाल खात्याने ही अडचण अर्धशतकापूर्वीच ओळखली होती. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते आणि वाचता न येणारे हस्ताक्षर यांतून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिन कोड सुरू झाला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी. संस्कृतचे कवी म्हणूनही ते परिचित होते. त्यानंतर एक वाशी ४००७०३ झाली आणि दुसरी ४१३५०३. पत्र कोणत्या भाषेत लिहिले आहे, अक्षर कसे आहे, याला महत्त्व उरले नाही.

त्याच १९७२ साली नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. पुढील दोन दशकांत दलित साहित्याने मराठी वाङ्मयाचा नकाशा बदलून टाकला. मात्र हे साहित्य लिहिणाऱ्या शेकडो लेखक-लेखिकांना जगाच्या ग्रंथसूचीत ‘पिन कोड’ मिळालेला नाही. दहा-पंधरा ठळक नावे सर्वत्र आढळतात. त्यांच्यामागे उभी असलेली मोठी रांग संगणकाला दिसत नाही आणि जे संगणकाला दिसत नाही, ते अलीकडे संशोधकाला, संपादकाला आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यालाही दिसेनासे होत चालले आहे. या रांगेतील प्रत्येकाला क्रमांक आणि पत्ता देण्याची एक पद्धत आज उपलब्ध आहे. तिला ‘लिंक्ड ओपन डेटा’ म्हणजे परस्परांशी जोडलेली खुली माहिती असे म्हणतात.

एक लेखक, अनेक नावे

नावावरून माणूस ओळखता येतो, असा आपला समज असतो. ग्रंथालयाची सूची तयार करणाऱ्याचा तसा समज फार काळ टिकत नाही. ‘बलुतं’चे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. अण्णाभाऊ साठे यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. ‘आठवणींचे पक्षी’ या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर प्र. ई. सोनकांबळे हे नाव असते, तर अन्यत्र प्रल्हाद सोनकांबळे असा उल्लेख होतो. मराठवाड्यातील दलित साहित्याच्या चळवळीत ज्यांचे स्थान मोठे आहे, त्या डॉ. म. ना. वानखेडे यांचे आडनाव कोठे ‘वानखेडे’ तर कोठे ‘वानखडे’ असे छापलेले आढळते. वाचकाला एका मात्रेने फरक पडत नाही. यंत्राच्या लेखी मात्र ही दोन माणसे ठरतात.

याउलट प्रकारही आहे. शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही दोन्ही आत्मकथने पुस्तकरूपाने १९८६ साली आली. आडनाव एक, वाङ्मयप्रकार एक, वर्षही एक. घाईने तयार केलेल्या यादीत एकीचे पुस्तक दुसरीच्या नावावर जाण्यास एवढे पुरेसे असते. शिवाय ‘माज्या जल्माची’ हे बोलीतील शीर्षक शुद्धलेखनाच्या नियमाने ‘माझ्या जन्माची’ असे ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह सूचिकारांना होतो. लेखिकेने जाणीवपूर्वक निवडलेला शब्द त्यात हरवतो आणि मूळ शीर्षकाने शोधणाऱ्याच्या हाती पुस्तक लागत नाही, हे वेगळेच.

पुस्तक देशाबाहेर गेले की नावाला आणखी एक रूप मिळते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये नवी दिल्लीत कार्यालय उघडले आणि तेव्हापासून भारतीय भाषांतील पुस्तके तेथे नियमितपणे जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. मात्र तेथील लिप्यंतराच्या नियमानुसार शेवटच्या व्यंजनातील न उच्चारला जाणारा ‘अ’ही लिहावा लागतो. त्यामुळे ढसाळ हे आडनाव रोमन लिपीत ‘ढसाळा’ असे वाचता येईल अशा रूपात, अक्षरांखाली-वर टिंबे आणि रेघा लावून नोंदले जाते. इंग्रजी वृत्तपत्रांत व अनुवादांत तेच आडनाव साध्या रोमन लिपीत येते आणि मराठी पुस्तकांवर देवनागरीत. तिन्ही रूपे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती एकाच कवीची आहेत, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते.

ढसाळांसारख्या कवीबाबत ते सांगणारे पुष्कळ आहेत. ज्याचा एकच कवितासंग्रह चाळीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी छापला गेला, त्याच्याबाबत ते कोण सांगणार, हा खरा प्रश्न आहे.

विधान, क्रमांक आणि दुवा

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये या पद्धतीची सूत्रे मांडली. ती ऐकायला सोपी आहेत. जगातील प्रत्येक गोष्टीला, मग ती व्यक्ती असो, पुस्तक असो वा गाव, इंटरनेटवरील एक कायमचा पत्ता द्यावा. त्या पत्त्यावर गेल्यास यंत्राला वाचता येईल अशी माहिती मिळावी. आणि त्या माहितीत इतर गोष्टींच्या पत्त्यांचे दुवे असावेत, म्हणजे एका नोंदीवरून दुसरीकडे जाता येईल.

प्रत्यक्षात ही माहिती लहान लहान विधानांच्या रूपात साठवली जाते. प्रत्येक विधानाचे तीन भाग असतात. ‘बलुतं’ – लेखक – दया पवार, हे एक विधान झाले. ‘बलुतं’ – प्रकाशनवर्ष – १९७८, हे दुसरे. ‘बलुतं’ – प्रकाशक – ग्रंथाली, हे तिसरे. ‘उपरा’ – प्रकाशक – ग्रंथाली, असे चौथे विधान कोणी स्वतंत्रपणे लिहिले, की दया पवार आणि लक्ष्मण माने यांच्यातील एक धागा आपोआप उघड होतो. तो वेगळा लिहावा लागत नाही. ‘गोलपिठा’ची प्रस्तावना विजय तेंडुलकर यांची आहे, ‘बलुतं’चा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटो यांनी केला आणि तो २०१५ मध्ये आला, बेबी कांबळे यांच्या आत्मकथनाचा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि त्याच माया पंडित यांनी ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ही इंग्रजीत नेले. अशी विधाने जमत गेली, की सूचीचे रूपांतर जाळ्यात होते. अनुवाद वाचून भारावलेला परदेशी वाचक त्या जाळ्यावरून मूळ मराठी पुस्तकापर्यंत येऊ शकतो. आज पुष्कळदा तो येऊ शकत नाही, कारण इंग्रजी पुस्तकाची नोंद आणि मराठी पुस्तकाची नोंद यांची एकमेकींशी ओळखच नसते.

या जाळ्यातील सर्वांत मोठे सार्वजनिक भांडार म्हणजे विकिडेटा. विकिपीडियाचे हे भावंड २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झाले. आज त्यात दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि कोणालाही त्यात भर घालता येते. प्रत्येक नोंदीचा क्रमांक ‘क्यू’ या अक्षराने सुरू होतो. मराठी भाषेचा क्रमांक क्यू १५७१, मुंबईचा क्यू ११५६. लेखक, जन्मस्थळ, प्रकाशक अशा संबंधांनाही ‘पी’ने सुरू होणारे क्रमांक आहेत, लेखक हा संबंध पी ५० आहे. क्रमांक कोणत्याही भाषेचा नसल्याने नोंद मराठीत पाहणाऱ्याला नावे मराठीत दिसतात आणि जपानीत पाहणाऱ्याला जपानीत, अर्थात ती नावे त्या भाषेत कोणी भरलेली असतील तर.

जगातील राष्ट्रीय ग्रंथालयांनी लेखकांच्या नावांच्या आपापल्या अधिकृत याद्या एकत्र गुंफून ‘व्हीआयएएफ’ नावाची एक सामाईक सूची उभारली आहे. ‘आयएसएनआय’ हा सोळा आकडी क्रमांकही लेखक-कलावंतांना दिला जातो. विकिडेटावरील नोंदीत हे सारे क्रमांक एकत्र लिहिता येतात. त्यामुळे देवनागरीतील ढसाळ, इंग्रजी अनुवादांवरचे ढसाळ आणि अमेरिकन सूचीतील टिंबा-रेघांचे ढसाळ एका ठिकाणी भेटतात. शोधयंत्रे लेखकाच्या नावाबरोबर जी चौकट दाखवतात, विकिपीडियाच्या लेखांत उजवीकडे जो तक्ता असतो, त्यांच्यामागे बऱ्याचदा अशाच भांडारांतील माहिती असते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे नवे कार्यक्रमही इंटरनेटवरील मजकुरावर पोसले जातात. ज्याची नोंद नाही, तो लेखक त्यांच्या उत्तरांत येण्याची शक्यता फार कमी.

नाव बदलले, क्रमांक तोच

मराठवाड्यातील वाचकाला या पद्धतीचा एक गुण चटकन पटावा. उस्मानाबाद जिल्हा २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाला. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. दया पवार यांचा जन्म ज्या अहमदनगर जिल्ह्यात झाला, तो आता अहिल्यानगर आहे. छापील कोशात हे बदल करायचे तर नवी आवृत्ती काढावी लागते. जोडलेल्या माहितीत जिल्ह्याच्या नोंदीवर नवे नाव एकदा लिहिले, की त्या जिल्ह्याशी जोडलेल्या सर्व लेखकांच्या नोंदी आपोआप अद्ययावत होतात. जुने नावही पुसले जात नाही. ते कोणत्या काळात प्रचलित होते, हे त्याच्यासमोर लिहिता येते.

‘कोणत्या काळात’ ही सोय किरकोळ नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला; प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत या प्रदेशाने काय सोसले, हे येथे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. ‘तराळ-अंतराळ’चे लेखक शंकरराव खरात या विद्यापीठाचे कुलगुरू होते, ते नामविस्तारापूर्वी. त्यांच्या नोंदीत केवळ आजचे नाव लिहिले, तर जणू काही घडलेच नव्हते, असा समज होईल. केवळ जुने लिहिले, तर जिंकलेली गोष्ट नाकारल्यासारखे होईल. विद्यापीठाचा क्रमांक एक आणि नावे दोन, प्रत्येकापुढे तारीख, अशी नोंद दोन्ही गोष्टी राखते.

वॉशिंग्टनमधील एक ग्रंथपाल

वंचितांच्या लेखनाची नोंद हा प्रश्न मराठीपुरता नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० मध्ये डोरोथी पोर्टर या तरुण ग्रंथपाल रुजू झाल्या आणि १९७३ पर्यंत त्यांनी कृष्णवर्णीयांनी लिहिलेल्या व त्यांच्याविषयीच्या ग्रंथांचा संग्रह वाढवला. त्या काळी ग्रंथालयांत वापरली जाणारी ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धती कृष्णवर्णीयांशी संबंधित पुस्तकांना बहुतेक दोनच जागा देत असे. ३२५ म्हणजे वसाहत आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. कृष्णवर्णीय कवीचा काव्यसंग्रहही या क्रमांकाखाली ठेवला जाई. पोर्टर यांनी ते मोडले आणि काव्य काव्यात, संगीत संगीतात, इतिहास इतिहासात ठेवण्यास सुरुवात केली. वर्गीकरणाचा आकडा हा वरवर निरुपद्रवी दिसणारा निर्णय असतो. पण कवीला कवी मानायचे की एखाद्या ‘समस्ये’चा नमुना, हे त्या आकड्यावरून ठरते.

आज येल आणि रटगर्स या विद्यापीठांतील जॅकलिन गोल्ड्सबी आणि मेरेडिथ मॅकगिल यांच्या पुढाकाराने ‘ब्लॅक बिब्लिओग्राफी प्रोजेक्ट’ चालतो. कृष्णवर्णीय लेखकांच्या छापील सूची जुन्या होत चालल्याने तेथे जोडलेल्या खुल्या माहितीच्या स्वरूपात नव्या नोंदी केल्या जात आहेत. लेखकाबरोबर पुस्तक घडवणाऱ्या इतरांनाही त्यांत स्थान मिळते.

मराठी वाचकाला हे नाते परके वाटू नये. दलित पँथरने नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. अमेरिकेत शिकून आलेले आणि पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले डॉ. वानखेडे यांनी निग्रो साहित्याची ओळख येथील तरुणांना करून दिली. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहिला. साहित्य तेथून येथे आले. सूचीशास्त्रातील पोर्टर यांचा धडा मात्र वाटेतच राहिला. ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. दलित आत्मकथन हाती आले, की ते या क्रमांकाखाली ठेवावे की समाजशास्त्राच्या कपाटात, याविषयी ग्रंथपालांमध्ये आजही एकवाक्यता नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत तर पूर्वी ‘अस्पृश्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. आता तेथे ‘दलित’ हा शब्द आहे.

नोंद होत नाही, ती का?

मराठी ग्रंथसूचीची परंपरा दुबळी नाही. शंकर गणेश दाते यांनी एकहाती म्हणावे अशा परिश्रमाने ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा पहिला खंड १९४४ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा १९६१ मध्ये निघाला. अभ्यासक आजही ‘दाते सूची’ उघडतात. पण ही सूची १९५० पाशी थांबते. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. म्हणजे दलित साहित्याचा मुख्य प्रवाह सुरू होण्यापूर्वीच दात्यांची सूची संपलेली असते.

प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ग्रंथालयांस पाठवावी, असा कायदा १९५४ पासून आहे. मोठे प्रकाशक ते पाळतात. स्वतःच्या पगारातून किंवा मित्रांकडून वर्गणी काढून पाचशे प्रती छापणाऱ्या शिक्षक-कवीला या कायद्याची माहिती असेलच असे नाही. अशा पुस्तकांना आयएसबीएन क्रमांकही नसतो. त्यांची विक्री दुकानांत कमी आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, भीमजयंतीच्या मंडपाबाहेर जमिनीवर अंथरलेल्या कापडावर अधिक होते. गीतांच्या पुस्तिका, जलशांची पदे, चरित्रे, परिसंवादांतील भाषणे असा तो ऐवज असतो. संध्याकाळपर्यंत गठ्ठे संपतात. मुंबईतील पुस्तकांच्या कोणत्याही दुकानाला हेवा वाटावा असा तो खप आहे, पण ग्रंथालयाच्या दाखलपुस्तकात त्यांपैकी फारच थोडे उतरते.

दुसरी अडचण नियतकालिकांची. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कित्येक नव्या लेखकांना पहिली जागा दिली. त्यांतील काहींची पुस्तके निघाली, अनेकांची निघालीच नाहीत. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’देखील प्रथम ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले, १९८२ मध्ये. पुस्तक झाले म्हणून ते उरले. ग्रंथालयाची सूची पुस्तक मोजते, अंकातला लेख मोजत नाही. त्यामुळे ज्यांचे सारे लेखन अंकांतच राहिले, ते सूचीच्या दृष्टीने लेखकच ठरत नाहीत.

या निकषाने मुक्ता साळवेही लेखिका ठरणार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. तिच्या नावावर पुस्तक नाही. जोडलेल्या माहितीत मात्र पुस्तकाची अट नाही. निबंधाची नोंद, नियतकालिकाची नोंद, शाळेची नोंद आणि या तिन्हींना जोडणारी मुक्ताची नोंद एवढे पुरते. जन्मतारखेच्या जागी ‘अज्ञात’ असे लिहिण्याची सोयही तेथे आहे.

जात लिहावी का?

येथे सर्वांत नाजूक प्रश्न येतो. दलित लेखकांची यादी मागणाऱ्याला ती मिळावी, यासाठी नोंदीत काहीतरी खूण हवी. ती खूण म्हणून लेखकाची जात लिहायची काय? बागुलांच्या कथासंग्रहाचे शीर्षकच जात लपवण्याविषयी आहे. ज्या समाजात भाड्याचे घर मिळवताना आडनाव सांगणे आजही जड जाते, तेथे लेखकाची जात जगातील प्रत्येक यंत्राला वाचता येईल अशा रीतीने कायमची नोंदवणे, हे काम सदिच्छेने केले तरी धोक्याचे आहे. शिवाय अनेक लेखकांनी ‘दलित लेखक’ ही उपाधी अभिमानाने घेतली, तर काहींनी ‘आम्ही केवळ लेखक’ असे सांगून नाकारली. बौद्ध, आंबेडकरवादी, विद्रोही अशा अन्य संज्ञा पसंत करणारेही आहेत.

विकिडेटाच्या नियमांनुसार समाजगटाविषयीचे विधान करायचे, तर त्या व्यक्तीने स्वतः तसे म्हटलेले असावे किंवा त्याला भक्कम आधार असावा लागतो. आडनावावरून तर्क करून जात भरणे त्यात बसत नाही, आणि बसू नयेच. अधिक रास्त मार्ग असा, की व्यक्तीची जात न लिहिता तिच्या लेखनाचा प्रवाह लिहावा. त्यासाठी ‘चळवळ’ हा स्वतंत्र संबंध आहे. ‘अमुक लेखिका – चळवळ – दलित साहित्य’ या विधानाला तिच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेचा, मुलाखतीचा वा समीक्षेचा आधार देता येतो. लेखिका हयात असेल तर तिला विचारून नोंद करणे सर्वांत उत्तम. घरचा पत्ता, दूरध्वनी, मुलाबाळांची नावे यांचे तेथे काहीच काम नाही.

लेखन खुले करणे आणि लेखनाची नोंद खुली करणे, यांतही गल्लत होते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. अण्णाभाऊंचे निधन १९६९ मध्ये झाले, म्हणजे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०३० पासून मुक्त होईल. तोपर्यंत ‘फकिरा’ कोणी परवानगीविना इंटरनेटवर चढवू शकत नाही. ‘फकिरा ही कादंबरी १९५९ ची असून तिचे लेखक अण्णाभाऊ साठे आहेत’, ही माहिती मात्र कोणाच्याही मालकीची नाही. कुटुंबीयांना वाटणारी भीती यामुळे कमी व्हावी.

तालुक्याच्या ठिकाणी काय होऊ शकते?

हे काम विद्यापीठांनी करावे असे म्हणून गप्प बसणे सोपे आहे. वस्तुतः ज्यांची नोंद हवी, त्या पुस्तकांच्या प्रती विद्यापीठांत नसून वाशीसारख्या गावांत आहेत. निवृत्त शिक्षकाच्या लोखंडी कपाटात, बुद्धविहारातील फळीवर, गावच्या सार्वजनिक वाचनालयात. जानेवारी २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जिल्ह्याच्या ठिकाणी भरले होते. तेव्हाच्या कार्यक्रमपत्रिका, कविकट्ट्यावर नावे दिलेल्यांच्या याद्या, जिल्ह्यातील लहान संमेलनांची निमंत्रणे हाही आधारच आहे. पाच-दहा वर्षांत तो रद्दीत जाईल.

नोंद करण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. मोबाइलवरूनही ती होते. आधी लेखकाचे नाव सर्व संभाव्य रूपांनी शोधावे, कारण एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी झाल्या तर त्या पुढे एकत्र करण्याचे काम वाढते. नोंद नसेल तर नवी उघडावी. मराठी नाव, इंग्रजी नाव, टोपणनाव, आद्याक्षरांचे रूप अशी सर्व नावे भरावीत. ‘मराठी कवयित्री’ असे दोन शब्दांचे वर्णन पुरे. मग पुस्तकांच्या नोंदी करून त्या लेखकाला जोडाव्यात. शीर्षक छापले आहे तसेच, बोलीसह, लिहावे. पुस्तकावर आयएसबीएन नसला तरी आतल्या पानावर प्रकाशक, मुद्रक आणि गावाचे नाव बहुधा असतेच. १८६७ च्या छापखाना कायद्याने ते दीर्घकाळ बंधनकारक होते. ब्रिटिशांनी देशी छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी केलेली ती तरतूद आज सूचिकाराच्या उपयोगी पडते. प्रत्येक विधानाला आधार द्यावा. विकिपीडियावर लेख होण्याइतकी प्रसिद्धी नसली, तरी एखाद्या पुस्तकाचा लेखक म्हणून विकिडेटावर नोंद होऊ शकते.

या कामात एक अडचण मात्र खास आपल्याकडची आहे. जन्मतारीख. वस्तीतून शाळेत आलेल्या मुलाच्या जन्माची नोंद नसे आणि आई-वडिलांना ‘दुष्काळ पडला त्या साली’ एवढेच सांगता येई. मग गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून ही तारीख टाकत. एका विशिष्ट पिढीतील कितीतरी मराठी माणसांचे वाढदिवस म्हणूनच १ जूनला येतात. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेली ती तारीख जशीच्या तशी यंत्रात गेली, की ती खरी होऊन बसते. जोडलेल्या माहितीत जन्म केवळ वर्षापुरता नोंदवता येतो, ‘सुमारे’ असे लिहिता येते आणि शाळेच्या दाखल्यावरील तारीख कोणती व लेखकाने आत्मकथनात सांगितलेली कोणती, अशी दोन विधाने आपापल्या आधारांसह शेजारी ठेवता येतात. त्यांपैकी कोणते पहिले लिहावे, हे नोंद करणाऱ्याने ती व्यक्ती हयात असेल तर तिच्या घरी जाऊन विचारावे. वाशीच्या पंचक्रोशीतील कवीच्या बाबतीत ते काम मोटारसायकलवरून अर्ध्या तासाचे आहे. पुण्या-मुंबईहून, किंवा वॉशिंग्टनहून, ते होणारे नाही.